महाग भांडं परवडायचं का? एका साध्या प्रश्नाचं संशोधनात काय होतं

पेट झाली, गाईड ठरले, आता सिनॉप्सिस लिहायचा आहे आणि डोक्यात 'ग्रामीण मराठवाड्यातील घरगुती वस्तू व राहणीमान' असा काहीतरी विषय घोळतोय. तुमच्यापैकी काही जण या टप्प्यावर असतील. या विषयात एक प्रश्न हमखास समोर येतो: महाग पण चांगल्या प्रतीची वस्तू घेणं लोकांना परवडायचं का? घरात कुणालाही विचारा, उत्तर तयारच असतं. "आमच्या आजीची पितळेची भांडी बघा, तीन पिढ्या टिकली. आताचं सगळं चार दिवसांचं." ऐकायला बरं वाटतं, पण एवढ्यावर प्रकरण उभं राहत नाही. आरआरसीत पहिलाच प्रश्न येईल, "परवडलं म्हणजे कुणाला, आणि कसं मोजलंत?" मग आपण बघत बसतो.

म्हणून आज हा प्रश्न एका ठिकाणी नेऊन ठेवू. जालना जिल्ह्यातलं अंकुशनगर. अंबड तालुक्यात महाकाळ्याजवळ समर्थ सहकारी साखर कारखाना आहे, त्याच्याभोवतीची ही वस्ती. जायकवाडीचा डावा कालवा या पट्ट्यातून जातो, त्यामुळे ऊस आहे आणि ऊस आहे म्हणून हंगामात ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडं आहेत. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोने मिळून एक कोयता धरायचा आणि पाच-सहा महिने कोपीत राहायचं. ट्रॉलीतून किंवा बैलगाडीतून जे सामान उतरतं ते म्हणजे अख्खा संसार. जर्मनची भगुणी, स्टीलची ताटं-डबे, लोखंडी तवा, पाण्याला प्लास्टिकचे ड्रम. (जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांसाठी.) पितळ शोधावं लागतं.

हे बघून सरळ निष्कर्ष निघतो की गरिबी आहे म्हणून स्वस्त वस्तू घेतल्या जातात, आणि स्वस्त वस्तू लवकर मोडतात म्हणून शेवटी त्याच महाग पडतात. हा विचार जगभर लोकप्रिय आहे. इंग्रजी लेखक टेरी प्रॅचेट यांच्या 1993 सालच्या 'मेन ॲट आर्म्स' या कादंबरीतला पोलीस कॅप्टन बुटांचं उदाहरण देतो: श्रीमंत माणूस एकदाच भारी बूट घेतो आणि वर्षानुवर्षं वापरतो, गरीब माणूस दरवर्षी स्वस्त बूट घेतो, एकूण जास्त पैसे घालवतो आणि वर पाय ओलेच. अर्थशास्त्रावरच्या चर्चांत हे उदाहरण इतक्या वेळा येतं की ते सिद्ध झालेलंच आहे असं वाटायला लागतं. तुम्हीही ते सिनॉप्सिसमध्ये टाकाल. टाका, पण आधी ते आपल्या भांड्यांना लागू पडतं का हे बघा. बूट वापरून संपतो, विकायला गेलं तर त्याचं काही येत नाही. पितळेच्या भांड्याचं तसं नाही.

पितळेच्या भांड्याची किंमत दोन भागांत असते. एक धातूची, वजनावर. दुसरी घडणावळ. दुकानात मोड द्यायला गेलात की घडणावळ गेली, घट कापली, उरलेल्या वजनाचे पैसे हातात आले. आणि मधल्या काळात कल्हई. पितळेत आंबट शिजवलं किंवा ताक ठेवलं की ते कळकतं, म्हणून आतून कथलाचा थर द्यावाच लागतो. कल्हईवाला भाता चालवून भांडं तापवणार, नवसागर टाकणार, कथील लावून कापसाच्या बोळ्याने फिरवणार, मग पाण्यात टाकणार. चर्रर्र आवाज. हे वर्षातून एक-दोनदा. कल्हईला पैसे लागतात, कधी धान्य लागतं, पण काहीतरी लागतंच.

आता आकडे मांडू. हे आकडे मी फक्त हिशेब समजावा म्हणून धरलेत, ते कुठल्याही वर्षाचे भाव नाहीत. तुम्हाला तुमच्या काळाचे खरे भाव शोधून घालायचे आहेत. समजा 4 किलोचं पितळेचं भगुणं आहे. धातू 500 रुपये किलो, म्हणजे 2000, घडणावळ 400, एकूण 2400 रुपये. वीस वर्षांनी झिजून 3.8 किलो उरलं आणि धातूचा भाव तोच धरला. मोडीचा भाव त्याच्या 70 टक्के धरला तर 1330 रुपये परत. म्हणजे भांड्याचा निव्वळ खर्च 1070. त्यात वर्षाला दोन कल्हया, 60 रुपयांप्रमाणे, वीस वर्षांच्या 2400. एकूण 3470, वर्षाला साधारण 174 रुपये. शेजारी जर्मनचं भगुणं ठेवा: 400 रुपयांचं, चार वर्षं टिकणारं, मोडीत 80 रुपये देणारं. वर्षाला 80 रुपये पडले.

म्हणजे बुटांचा सिद्धान्त इथे उलटा झाला. टिकाऊ भांडं वापरायला दुप्पट महाग पडलं, आणि ते कल्हईमुळे. कल्हई वर्षातून एकदाच केली तरी वर्षाला 114 येतात, जर्मन पुढेच राहतं. पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला बहुतेक घरं कल्हई करत नाहीत, तिथे मात्र गणित वेगळं येतं. तेव्हा 'भांडी' असा एकच शब्द प्रबंधात वापरू नका. हंडा, भगुणं, परात, तांब्या यांचे हिशेब वेगवेगळे आहेत. स्वयंपाकघरात कुठली वस्तू आधी पितळेतून बाहेर पडली आणि कुठली शेवटपर्यंत राहिली, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि माझ्या मते जास्त चांगला आहे.

या हिशेबात अजून एक मोठी गोष्ट धरलेली नाही. 2400 रुपये आणले कुठून? ज्याच्याकडे होते त्याचं ठीक. पण सावकाराकडून दरमहा शेकडा 3 ने आणले असतील, तर महिन्याला 72 रुपये व्याज, वर्षाचे 864. तीन वर्षांत व्याजच भांड्याच्या किमतीपेक्षा जास्त होतं. एकाच दुकानातलं, एकाच दिवशी घेतलेलं भांडं बागायतदाराला एका किमतीला पडतं आणि उचल घेऊन तोडीला जाणाऱ्याला भलत्याच. जुन्या दुकानाची वही मिळाली तर त्यात दोघांच्या नावापुढे 2400 च दिसतील. दुसऱ्याची खरी किंमत सावकाराच्या किंवा मुकादमाच्या वहीत असते. दोन्ही वह्या एकत्र वाचल्याशिवाय 'परवडलं' हा शब्द लिहू नये असं मला वाटतं. इथल्या संदर्भात एक अडचण आधीच सांगून ठेवतो: 1948 पर्यंत जालना निजामाच्या हद्दीत होतं, त्यामुळे मुंबई इलाख्याची कागदपत्रं तुम्हाला थेट उपयोगी नाहीत. पुण्याच्या 1885 च्या गॅझेटियरमध्ये तांबट-कासारांच्या धंद्याचं वर्णन वाचायला मिळतं, ते तुलनेसाठी वापरा. जालन्याचा पुरावा म्हणून नको. आपल्या भागासाठी मोडी आणि उर्दू या दोन्हींची तयारी ठेवावी लागते. गाईड हे उशिरा सांगतात.

मग वापरायला महाग असूनही लोक पितळ का घेत होते? कारण ती बचत होती. बँक नाही, पोस्टात खातं नाही, घरात रोकड राहत नाही. पितळ दिसतं, वजनात मोजता येतं, चोरायला जड, आणि अडीअडचणीला गहाण पडतं. जर्मनचं भगुणं अडचणीत 80 रुपये देईल, पितळेचं 1330. वर्षाला जास्तीचे 94 रुपये म्हणजे एका अर्थाने विम्याचा हप्ता. इथवर आलात की प्रबंध जमल्यासारखा वाटतो आणि बहुतेक जण इथेच थांबतात. पण विमा खरंच मिळाला का, हे तपासायचं राहून जातं.

विमा लागला तो दुष्काळात. 1972 चा दुष्काळ मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात अजून बोलला जातो: खडी फोडणं, नालाबंडिंगची कामं, सुकडी, लाल मिलो. अशा वर्षी भांडी बाजारात येतात. एका घराची नाही, सगळ्या गावांची, एकाच महिन्यात. विकणारे शंभर, घेणारे दोन, मग मोडीचा भाव पडणारच. त्याच वेळी ज्वारीचा भाव चढलेला. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या 'पॉव्हर्टी अँड फॅमिन्स' मध्ये मांडलेली कल्पना इथे नीट बसते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाकडे काय आहे एवढं बघून भागत नाही, जे आहे त्याच्या बदल्यात त्या दिवशी किती धान्य येतं ते बघा. 1943 च्या बंगालमध्ये न्हाव्याकडे त्याचं कसब होतंच, पण हजामतीच्या बदल्यात येणारा तांदूळ आटला होता. तेव्हा तुमच्या तक्त्यात 'पितळ, रुपये प्रति किलो' हा एकच रकाना असेल तर तो अपुरा आहे. 'एक किलो पितळेला किती किलो ज्वारी' हा रकाना करा आणि सुकाळाचं वर्ष शेजारी ठेवा. वर आपण मोडीचे 1330 धरले होते. भाव निम्मा झाला तर 665, आणि ज्वारी दुप्पट महाग झाली असेल तर धान्याच्या मापात ते भांडं चौथाईवर आलं. वीस वर्षं हप्ते भरले, आणि भरपाई चार आण्यांची.

ही गोष्ट 1972 पुरती नाही. 1876–78 च्या दख्खनच्या दुष्काळात मुंबईच्या टांकसाळीत वितळवायला येणारे चांदीचे दागिने वाढले होते. शेतकऱ्यांची बचत कुठे गेली याचा तो माग आहे. पितळेला टांकसाळ नव्हती, म्हणून त्याचा माग मिळणं अवघड. हे आपल्या विषयाचं दुखणंही आहे आणि कामाला वावही तिथेच आहे. लोक संकटात कोणत्या क्रमाने काय सोडतात, यावर एन. एस. जोधा यांचा राजस्थानवरचा 1975 चा लेख अवश्य वाचा. भांडी त्या क्रमात कुठे बसतात हे आपल्या गावांसाठी विचारता येतं, आणि 1972 पाहिलेली माणसं आज सत्तरीपुढे आहेत. वेळ फार नाही.

कायद्यालाही भांड्यांचं हे स्थान माहीत होतं. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 60 बघा. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी काय जप्त करता येणार नाही याची तिथे यादी आहे, आणि अगदी सुरुवातीला ऋणकोचे, त्याच्या बायकोमुलांचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण आहे. सावकार कोर्टातून आला तर भगुणं उचलू शकत नाही. पण कलम जप्तीपुरतं आहे. घरधन्याने स्वतःच्या हाताने भांडं नेऊन गहाण टाकलं तर कायदा मधे येत नाही. कागदावर भांडी सुरक्षित आणि फडताळ रिकामं, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. कोर्टाच्या कागदांवरून घरातल्या वस्तूंचा अंदाज बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आणि ते भांडं मुळात होतं कुणाचं? इथे तुमच्याच घरातला दस्तऐवज उघडा. जुनी भांडी उलटी करून, काठाजवळ बघा. त्यावर नाव घातलेलं असतं: कुणी दिलं, कुणाला दिलं, पुष्कळदा तारीख. लग्नातला आहेर, कन्यादानाची पाच भांडी, बारशाची वाटी. इतिहासाच्या अभ्यासकाला तारीख घातलेली वस्तू फुकटात मिळते आणि आपण ती घासून ठेवून देतो. नावं वाचत गेलात की लक्षात येतं, यातली बरीचशी भांडी बाईच्या माहेरून आलेली आहेत. देताना ती तिची असतात. विकायची वेळ आली की निर्णय कोण घेतं, पैसे कशात जातात (बैल, बी-बियाणं, दवाखाना, की जुनं देणं), हे विचारायला हवं. 'कुटुंबाला परवडलं' असं वाक्य लिहिताना आपण दोन माणसांचे हिशेब एकात मिसळतो. ती त्या वेळी काय म्हणाली याची नोंद कुठल्याच वहीत नसते. म्हणून मुलाखत एकट्या घरमालकाची घेऊन परत येऊ नका. आजीबाईंना वेगळं, चुलीपाशी बसून विचारा.

आता "तीन पिढ्या टिकली" कडे परत येऊ. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर जुन्या भांड्यांची आणि दिव्यांची कारागिरी बघून थक्क व्हाल. पण तिथे काय नाही तेही बघा. पातळ पत्र्याचं, दोनदा डाग दिलेलं, शेवटी मोडीत गेलेलं भगुणं तिथे नाही. ते वितळलं. मातीची मडकी फुटली. दुष्काळात विकलेली भांडी वितळून नवी झाली. जे उरलं ते अशा घरांतलं, ज्यांच्यावर विकायची वेळ आली नाही. म्हणजे उरलेल्या भांड्यांवरून आपल्याला जुन्या मालाची प्रत कमी आणि जुन्या मालकांची ऐपत जास्त कळते. लोखंडाचं तर विचारूच नका. जालन्याची ओळखच भंगार वितळवून सळई करणाऱ्या कारखान्यांची आहे. जिल्ह्यातलं मोडकं लोखंडी सामान त्या भट्ट्यांत गेलं असेल तर ते आता कुणाच्या तरी स्लॅबमध्ये आहे, तुमच्या अभ्यासाला मिळणार नाही.

जर्मनबद्दल एक गंमत. हा 'गरिबाचा' धातू एकेकाळी भारी होता. 1884 मध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियम बसवलं ते मौल्यवान म्हणून. 1886 मध्ये हॉल आणि एरू यांनी वेगवेगळं काम करून विजेने ॲल्युमिनियम काढायची पद्धत शोधली आणि भाव कोसळला. आपल्याकडे मद्रासमध्ये आल्फ्रेड चॅटर्टन यांनी 1898 पासून ॲल्युमिनियमची भांडी करायला सुरुवात केली. हलकं, कल्हई नको, घ्यायला स्वस्त. पितळेला सगळ्यात आधी धक्का इथून बसला. पुढे स्टील आलं आणि त्याने कल्हईचा खर्च तर काढलाच, शिवाय चमकही दिली. बोहारीण जुन्या साड्यांवर स्टीलची भांडी देऊन जायला लागली, म्हणजे रोख पैसा नसतानाही चांगलं भांडं घरात येऊ लागलं. बोहारणीवर मराठीत एक चांगला प्रबंध व्हायला पाहिजे.

स्टीलबरोबर नवीन त्रास आला तो प्रत ओळखायचा. पितळ वजनावर आणि आवाजावर कळतं. स्टीलला लोक चुंबक लावून बघतात: चिकटलं तर हलकं, नाही चिकटलं तर भारी. पण 304 आणि त्याहून स्वस्त 202 या दोन्ही प्रतींना चुंबक जवळपास चिकटत नाही. म्हणजे ज्या दोन प्रतींत गिऱ्हाईक खरं फसू शकतं, तिथेच त्याची परीक्षा चालत नाही. अशा बाजारात चांगल्या मालाला चांगला भाव मिळणं का अवघड होतं, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून दाखवलंय. म्हणून महाग वस्तू घेताना गिऱ्हाईक पुष्कळदा नावाचे पैसे मोजतं. 'गोदरेज' बघा. कंपनी 1897 ची, कुलपांपासून सुरू झालेली, लोखंडी कपाट 1923 पासूनचं. आपल्याकडे मात्र गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याने केलेल्या कपाटालाही गोदरेजच म्हणतात. मुलाखतीत कुणी "लग्नात गोदरेज दिलं" असं सांगितलं तर दार उघडून आत बघा, मग लिहा.

परत अंकुशनगरला येऊ. कोपीतल्या सामानात पितळ का नाही, याला आता तीन-चार उत्तरं शक्य आहेत. कधी घेतलंच नाही. होतं, पण गेलं. किंवा आहे, पण गावाकडच्या घरात कुलपात आहे, कारण सहा महिने उघड्यावर न्यायला जड आणि जोखमीचं. किंवा ती बचत आता पितळेत नाहीच, बचत गटात किंवा कानातल्या सोन्यात आहे. कोपीतल्या जर्मनच्या भगुण्याकडे नुसतं बघून यातलं कुठलं खरं हे कळत नाही, आणि 'गरिबी' हा शब्द लिहिला की चारही एकसारखी दिसतात. त्यासाठी दोन याद्या लागतील: बरोबर काय आणलं, आणि मागे काय ठेवलं. दुसरी यादी लोक लगेच सांगत नाहीत, आणि त्यांनी का सांगावी? पहिल्या दिवशी वही काढू नका. बायका पहाटेच फडावर जातात, संध्याकाळी चूल पेटलेली असते, तेव्हा हाताला काम देत बोलता येतं. हंगाम मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो आणि बिऱ्हाडं पांगतात, त्यामुळे सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट बघत बसलात तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.